रिकाम्या लाइनीतली चोरी

१

चोरी झाली होती, पण माल जागच्या जागी होता. तक्रार करायला अर्धं गाव आलं होतं आणि जिच्यावर संशय होता ती समोरच खुर्चीवर बसली होती.

खापरझरी हे डोणगावच्या पुढे आतल्या रस्त्याला लागणारं गाव. गावाच्या पाण्याच्या टाकीवर पूनम आखाडेचे अँटेना आहेत आणि टाकीखालच्या पत्र्याच्या खोलीत तिचं ऑफिस आहे. डोणगावहून येणारी इंटरनेटची लाइन या खोलीत उतरते, राउटर नावाच्या एका काळ्या डब्यातून जाते आणि अँटेनांवरून घराघरांत आणि भोवतालच्या शिवारात पसरते. अलीकडे ती पसरत नव्हती. उजाडलं की नेट लंगडायचं, दिवसभर रांगायचं आणि दिवेलागणीनंतर काही झालंच नाही असं पळायचं.

"पूनम, गावाचं नेट कुठी गेलं?" सरपंच निवृत्ती बाजड यांनी विचारलं.

"इथंच हाये, भाऊ. पाहा ना." पूनमनं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. "ही वरची रेघ म्हणजे आपल्याले भेटते तेवढं. ही खालची, गाव वापरते तेवढं."

खालची रेघ तळाला चिकटून होती. लाइन जवळजवळ रिकामी होती.

"म्हणजे नेट हाये, पण कोणी वापरून नाही राह्यलं?"

"हाव."

"मंग आम्ही दिवसभर काय करून राह्यलो? फोनले ओवाळून राह्यलो?"

लोक हसले. गर्दीत मागे उभा असलेला राजकुमार मात्र हसला नाही. त्याचं बसथांब्याजवळ मोबाइलचं दुकान आहे आणि मेहकरच्या एका नव्या कंपनीची एजन्सी मिळावी म्हणून तो खटपट करत होता. "विकली असन लाइन," तो म्हणाला. "डोणगावच्या एखाद्या मंगल कार्यालयाले. स्क्रीनवर काय, कोणीबी रेघा मारते."

पूनम उठून उभी राहिली. सरपंचांनी हात वर केला.

"उद्या ग्रामसभा हाये. टाकी पूनमकडे ठेवायची का राजकुमारच्या कंपनीले द्यायची, तठीच ठरवू."

टाकीवरचे अँटेना उतरले की पूनमचं दुकान उतरलं. घरात कमावणारी ती एकटी होती. लोक पांगले तेव्हा ती त्या खालच्या रेघेकडे बघत बसली. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"पूनम," दारातली बाई म्हणाली, "तुह्या नेटनं माही इज्जत घेतली."

२

महामाया गवई पूनमची शाळेतली मैत्रीण. पुण्यात एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळते. भावाच्या मुलीच्या बारशाला आली होती आणि सुट्टी शिल्लक नसल्यामुळे घरूनच काम करत होती.

"मीटिंग चालू होती. मले जांभई आली अन् तितक्यात नेट अडकलं. साहेबासमोर अर्धा तास माह्या पडजिभेचा फोटो."

पूनमला हसू आलं आणि लगेच रडू आलं. महामायानं तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला. रेघांकडे तिनं पाहिलंही नाही. दुसरंच एक पान उघडलं.

"लाइन रिकामी हाये हे खरं. पण तुह्या राउटरले श्वास घ्यायले फुरसत नाही. पाह्य, त्याचं डोकं पूर्ण भरलेलं हाये."

"कशानं? माल तर येऊनच नाही राह्यला!"

"बाजार समितीचं फाटक आठव. आत जाणाऱ्याची पावती फाडणारा माणूस एक. ट्रक आला तरी एक पावती, अन् बाई मेथीची एक जुडी घेऊन आली तरी एक पावती. ट्रक येत राह्यले तर यार्ड भरते अन् तो माणूस मजेत चहा पेते. पण हजार बाया एकेक जुडी घेऊन आल्या तर?"

"फाटक तुंबन."

"अन् यार्ड?"

"रिकामं," पूनम हळूच म्हणाली.

"नेटवर सगळा माल पुड्या बांधून जाते. राउटरले प्रत्येक पुडीचा पत्ता वाचा लागते. पुडी मोठी असो का चिमूटभर, वाचायची मेहनत तेवढीच. सिनेमा पाहणारा मोठ्या पुड्या मागवते. त्याचा तुह्या डब्याले त्रास नाही. इथं कोणीतरी चिमूटभर पुड्या पाठवून राह्यलं, अन् त्या पार बेसुमार."

"मंग मोठा राउटर घेऊ का?"

"उद्या सकाळपर्यंत कुठून आणतं? अन् आणला तरी सभेत काय सांगशीन, आधी काय झालतं म्हणून?" महामायानं चप्पल घातली. "बारीक पुड्या पाठवणाऱ्या चीजा गावात थोड्याच असतात. पहिली म्हणजे गेम. गेम कोण खेळते?"

पूनमनं खिडकीतून पाराकडे बोट दाखवलं.

३

पारावर सरपंचांचा पुतण्या गणेश मित्रांबरोबर बसला होता. महामायाला पाहताच त्यानं मोबाइल खिशात घातला.

"काढ बाहेर. दिवसभर गेम खेळतो ना?"

"ताई, दिवसा नेट चालते कुठी? दिवसा गोळी झाडली तर ती जेवण झाल्यावर लागते. आम्ही रात्रीच खेळतो."

रात्री नेट पळत असे. म्हणजे गेम सुटला. महामाया वळणार तेवढ्यात गणेश म्हणाला, "एकदा दिवसा मस्त चाललं होतं पण. मागच्या आठवड्यात. जनकाकाकू माहेरी पिंपळगाव राजाले गेल्ती ना, तवा दोन्ही दिवस…"

बाजूच्या मुलानं त्याला कोपरानं ढोसलं.

"जनकाकाकूचा काय संबंध?" महामायानं विचारलं.

"काहीच नाही."

"मंग ती गेल्याचं ध्यानात कसं राह्यलं?"

"गावात शांतता होती ना, म्हणून." सगळे पोट्टे खो खो हसले आणि लगेच असे गप्प झाले की जणू कोणी बटण बंद केलं.

महामाया खोलीवर परतली. राउटर इतका दमलेला होता की पुड्या पाठवणाऱ्यांची नावं दाखवायलाही त्यानं बराच वेळ घेतला. पूनम वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. म्हस्के. बाजड. काळे. राऊत. आखाडे, म्हणजे तिचे स्वतःचे सासरे. आणि गवई.

"महामाया, अवं, हा एक चोर नाही. सगळं गाव हाये. सगळ्यांचा वाटा सारखाच."

४

"व्हायरस," पूनम म्हणाली. "सगळ्यांच्या फोनमंधी घातला असन. अन् सगळ्यांचे फोन हातात घेणारा गावात एकच माणूस हाये."

राजकुमार काउंटरमागे स्क्रू फिरवत होता. महामाया समोरच्या स्टुलावर बसली.

"राजकुमारभाऊ, टाकी तुमच्या कंपनीले भेटली पाह्यजे म्हणता. गावातला प्रत्येक फोन तुमच्या हाताखालून जाते. पूनमचं नेट बिघडलं तर फायदा तुमचाच. मी तुमच्या जागी असती तर मले माह्यावरच शक आला असता."

राजकुमारचा स्क्रू खाली पडला. "मायची आन, ताई, म्या काही नाही केलं! माहाच धंदा बसला इथं. आधी लोक नवा फोन घ्याचे तवा जुना मले देऊन टाकाचे. आता जुना कोणी देतच नाही."

"काऊन?"

"कोणाले मालूम. उलट फुटक्या काचेचे फोन घेऊन येतात अन् म्हणतात, काच राहू दे, फक्त आवाज नीट कर. सिम नाही, काही नाही. वरून एक स्पीकरची डबी घेऊन जातात. लग्नसराई नाही, गणपती नाही, अन् माह्याकडच्या स्पीकरच्या डब्या संपल्या!"

"तुम्ही विचारलं नाही कायले म्हणून?"

राजकुमारनं इकडेतिकडे पाहिलं. "विचारलं. पण गिऱ्हाईक म्हणे, तुले वावर हाये का? म्या म्हटलं, नाही. तर म्हणे, मंग तुले काय करायचं?"

महामाया उठली. व्हायरस घालणारा माणूस आपला धंदा बसल्याचं इतक्या पोटतिडकीनं सांगत नाही.

"पूनम," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मले जनकाकाकूच्या घरचा चहा पेवा वाटून राह्यला."

"हिंमत हाये तुही," पूनम म्हणाली.

५

जनकाबाई म्हस्के यांचा आवाज त्यांच्या घरात मावत नव्हता. चौकातून महामायाला कळलं की दूध उतू गेलं आहे, दारापर्यंत पोचेतो कळलं की त्यात चूक मांजराची आहे, आणि उंबऱ्यावर कळलं की मांजर लाडावण्यात चूक गुलाबरावांची आहे.

गुलाबराव दारातच उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानंच 'ये' म्हटलं. आत शेजारच्या शालूबाई बसल्या होत्या. त्यांनीही नुसती मान हलवली. त्या घरात जनकाबाई सोडून सगळे खुणांनी बोलत होते आणि जनकाबाईंना त्याचा पत्ता नव्हता. समोरच्याचं ऐकून घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"कोण? गवईची महामाया?" त्या स्वयंपाकघरातून गरजल्या. "ये वं! वाळली लय! पुण्यात पीठ भेटत नाही काय? अन् लगन काऊन नाही करून राह्यली?"

महामाया स्वयंपाकघराच्या दारात गेली. जनकाबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर पिठाचा डबा होता आणि चार्जरची एक वायर भिंतीवरून चढत त्या डब्याच्या मागे गेली होती. ती कुठे संपते ते दिसत नव्हतं.

"काकू, डब्यामागं…"

गुलाबरावांनी तिचा दंड धरला आणि तिला थेट मागच्या गोठ्यात नेलं. तिथं त्यांना आवाज फुटला.

"काय पाह्यजे तुले, बाई?"

"काका, तुम्ही घरात काऊन नाही बोलत?"

"सवय हाये. लगनापासून."

"अन् शालूमावशी?"

"तिले खोकला हाये."

"नेट वापरता का तुम्ही?"

"आम्ही म्हातारे माणसं. आम्हाले कायचं नेट?" एवढं बोलून गुलाबरावांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, जणू साक्ष द्यायची पाळी आता तिची होती.

महामाया चहा न घेताच निघाली. मागून जनकाबाईंचा आवाज येत राहिला. विचित्र हे की ती शिवारात पोचली तरी तो येतच होता.

६

गवईंचं घर शिवाराच्या कडेला आहे. वाटेत दोन्ही बाजूंना घाट्यांनी लगडलेला हरभरा आणि मध्ये तुरीच्या ओळी होत्या. या दिवसांत प्रत्येक वावरात एक माणूस गोफण घेऊन हाकारे घालत असतो. नाहीतर सकाळी वानरं आणि संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगायी, पीक साफ करतात. आज एकाही मचाणावर माणूस नव्हता. बांधावरच्या कडुनिंबावर वानरांचा कळप होता, पण खाली उतरायचं कोणी नाव काढत नव्हतं.

महामाया थांबली. समोरचा रिकामा हरभरा कडाडला.

"अन् ती गवईची पोरगी चहा न पेताच गेली! एवढ्या मोठ्या पुण्यात एकबी पोट्टा सापडला नाही तिले!"

क्षणभरानं शेजारची तूर तेच म्हणाली. मग पलीकडचा गहू. मग ओढ्यापलीकडचं कोणाचं तरी वावर. महामायाच्या लग्नाचा प्रश्न साऱ्या शिवारातून घुमत गेला. कडुनिंबावरची वानरं आणखी एक फांदी वर सरकली.

तिनं हरभऱ्यात शिरून पाहिलं. एका खांबाला प्लास्टिकचा डबा बांधला होता. आत फुटक्या काचेचा फोन आणि स्पीकरची डबी. फोनवर बोलण्याची एक सामायिक खोली उघडी होती, जिच्यात कितीही जणांनी शिरावं. नावांची यादी बोटानं सरकवली तरी संपेना. प्रत्येक नावापुढे माइकची खूण होती आणि प्रत्येक माइक उघडा होता.

"हात नको लावू तिले!"

तिचा थोरला भाऊ धम्मरत्न बांधावरून पळत आला. शेजारचं तुरीचं वावर त्याचंच होतं.

"दादा, तूबी?"

"म्या आधी कुत्र्याचं भुंकणं भरून लावलं होतं. वानरांनी दोन दिवसांत वळखलं. मंग फटाके भरले. तेबी वळखले. पण जनकाकाकू…" त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता. "जनकाकाकू एकच बोलणं दुसऱ्यांदा बोलत नाही. वानराले अंदाजच येत नाही. गुलाबकाकानं आपल्या वावरात पहिल्यांदा लावला. आम्ही पाह्यलं, गणेशनं ही खोली उघडून दिली, अन् सगळे तिच्यात शिरलो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू जोरात बोलतं. काकूच्या कानावर गेलं असतं."

"उद्या पूनमची टाकी जाऊन राह्यली, दादा. तिनं काहीच केलं नाही. सभेत सांगा लागन."

धम्मरत्ननं कडुनिंबाकडे पाहिलं, मग हरभऱ्याकडे, मग बहिणीकडे.

"टाकी दुसऱ्या कोणाले भेटली तरी नेट येते," तो म्हणाला. "काकूले कळलं तर काकू येत नाही."

"हे तूच म्हणतं का सगळं गाव?"

धम्मरत्ननं खांबावरच्या डब्याची दोरी आवळून बांधली.

७

ग्रामसभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. जनकाबाई पहिल्या ओळीत मधोमध बसल्या होत्या आणि त्यांच्या बाजूचे गुलाबराव बसल्या जागी लहान होत चालले होते.

"हात वर करण्याआधी कोणाले काही बोलायचं?" सरपंचांनी विचारलं. त्यांचंही वावर होतं. त्यांनी जमिनीकडे बघूनच विचारलं.

पूनमनं महामायाकडे पाहिलं. महामाया उठली.

"लाइन कोणी चोरली नाही. लाइन रिकामीच हाये. तुंबला तो राउटर, कारण तुम्ही सगळे मिळून त्याच्या तोंडावर मूठमूठ पुड्या फेकून राह्यले. नेट खराब फक्त दिवसा, कारण वानरं दिवसा येतात. मागच्या आठवड्यात चाललं, कारण जिचा आवाज पाह्यजे ती बाई गावात नव्हती अन् तुम्ही फोन बंद ठेवले."

सभेतून एक बारीकसा कण्हण्याचा आवाज आला. तो गुलाबरावांचा होता.

"बोलणं साठवून पाठवता येत नाही. तोंडातून निघालं की लगेच जाव लागते, म्हणून त्याच्या पुड्या चिमटीएवढ्या. वजन काही नाही, गिनती बेसुमार. तरी एका बाईच्या आवाजानं राउटर मेला नसता. त्याले तुम्ही मारलं. वावरातल्या फोनचे माइक उघडे काऊन ठेवले?"

"वावरात कोणी शिरलं तर ऐकू नाही येव का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"अन् ऐकत कोण होतं?"

सभेत एकमेकांकडे पाहणं झालं.

"कोणीच नाही," महामाया म्हणाली. "फोन वावरात, तुम्ही घरात. प्रत्येक वावरातला वारा बाकी प्रत्येक वावराले ऐकू जाऊन राह्यला होता. वावरं वाढली तशा पुड्या त्याच्या कितीतरी पट वाढल्या. गणेश, तुले ती खोली चालवता येते ना? काकूचा सोडून सगळ्यांचे माइक बंद कर."

गणेशनं सरपंचांकडे पाहिलं. सरपंच अजून जमिनीकडेच पाहत होते. त्यानं बटण दाबलं. कुठल्या तरी खिशात सकाळपासून अडकलेला एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला आणि त्यातला माणूस सोयाबीनचे भाव सांगू लागला. मग दुसऱ्या खिशात. मग चारही बाजूंनी सोयाबीनचे भाव येऊ लागले.

पूनमनं तोंडावर पदर धरला.

"कोणती काकू?" जनकाबाई म्हणाल्या.

सगळे खिसे बंद झाले.

"महामाया, कोणत्या काकूचा आवाज?"

जनकाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "पिठाच्या डब्यामागं ऊन ऊन काय लागते म्हणून म्या विचारलं होतं. तुम्ही म्हटलं, उंदराचं औषध हाये."

"जनके, तुहाच आवाज पाह्यजे होता…" गुलाबराव म्हणाले.

जनकाबाई उठून उभ्या राहिल्या. सभेनं मान खाली घातली. पण त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी ओळीओळीनं सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि तोंड मिटून राहिल्या. खापरझरीनं असं कधी पाहिलं नव्हतं. आरडाओरड झाली असती तर लोकांना बरं वाटलं असतं.

बाहेर कोणीतरी पळत आलं. "अरे, या! वानरं उतरले! बाजडाच्या हरभऱ्यात भरले, पुढं राऊताच्या!"

अर्धी सभा उठली.

"खाली बसा," जनकाबाई म्हणाल्या.

सभा बसली.

"तुम्ही माह्या रांधणीत चोरून कान लावले. ते मी नंतर पाहीन, एकेकाच्या घरी येऊन पाहीन. पण ही पोरगी इथं चोर ठरून राह्यली होती, अन् तुम्हा सगळ्याईले खरं मालूम होतं. माह्या तोंडाले भेऊन तिच्या पोटावर पाय देत होते तुम्ही." त्या सरपंचांकडे वळल्या. "निवृत्ती, मघाचं विचार आता."

"टाकी पूनमकडे राहावी असं कोणाकोणाले…" सरपंचांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचाच हात वर गेला.

"ज्याचा हात खाली, त्याच्या वावरात उद्यापासून माहा आवाज नाही."

हात असे वर गेले की मंडप उचलला जातोय असं वाटलं. धम्मरत्ननं दोन्ही हात वर केले. राजकुमारला वावर नव्हतं, पण त्याचाही हात वर होता.

"गणेश, ते यंत्र आण इकडं."

गणेशनं आपला मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला. जनकाबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि बाजडांच्या हरभऱ्यात उतरलेल्या वानरांना त्यांच्या पूर्वजांपासून जे ऐकवायला सुरुवात केली, ते त्या बराच वेळ ऐकवत राहिल्या. शिवारातून त्यांचा आवाज अखंड परत येत होता.

सरपंचांनी डाव्या हातानं ठराव लिहायला घेतला. उजवा हात अजून वर होता. सगळ्यांचेच होते. खाली घ्या असं जनकाबाईंनी म्हटलं नव्हतं, आणि मध्ये बोलून त्यांना ते विचारायची कोणाची छाती नव्हती.